दारापर्यंतची वाट : युटातील मॉर्मन मंदिरांची प्रकाशचित्रे टिपत केलेला प्रवास

ओळंबा (धागाकर्ता)

आम्ही दोघे मेरीलँडमध्ये राहतो. वॉशिंग्टनभोवतीच्या बेल्टवेवरून गेली वीस-बावीस वर्षे ये-जा करताना एका वळणावर झाडांच्या शेंड्यांवरून अचानक उभे राहणारे, सोनेरी टोकांच्या सहा मनोऱ्यांचे पांढरे मंदिर आम्ही पाहत आलो होतो. २८८ फूट उंचीचे आणि अलाबामाच्या पांढऱ्या संगमरवराने मढवलेले हे मंदिर १९७४ साली पूर्ण झाले. त्या वेळी ते काही आठवडे सर्वांना पाहण्यासाठी खुले होते. मग त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले आणि त्या दिवसापासून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या सदस्यांखेरीज कोणालाही आत जाता येईनासे झाले. दुरुस्तीसाठी बंद ठेवलेले हे मंदिर २०२२ साली पुन्हा समर्पित होण्याआधी, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी, लोकांसाठी काही आठवडे उघडले. ही संधी सोडायची नाही असे ठरवून आम्ही रांगेत उभे राहिलो.

बुटांवर पांढरी आवरणे चढवून आत गेल्यावर मला जे दिसेल असे वाटले होते त्यातले काहीच दिसले नाही. ओळीने बाके मांडलेली मोठी प्रार्थनाशाळा आमच्या वाटेत लागली नाही. खोल्यांमागून खोल्या लागत गेल्या. एका दालनात बारा बैलांच्या पाठीवर पेललेले बाप्तिस्म्याचे मोठे कुंड होते. विवाहविधीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर आरसे लावलेले होते आणि त्यांत आमची दोघांची प्रतिबिंबे एकामागे एक, लहान लहान होत कुठवर गेली ते दिसेनासे झाले. आत कॅमेरा काढायचा नव्हता. माझी पत्नी गेली पंधरा वर्षे मनापासून प्रकाशचित्रण करते, त्यामुळे तो पाऊण तास तिने हात पाठीमागे बांधून काढला आणि बाहेर पडताच, "आतले मिळणार नसेल तर बाहेरचे तरी नीट पाहू," असे म्हणून इमारतीला तीन फेऱ्या मारल्या. या पंथाचे मुख्यालय अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या युटा राज्यात आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या आमच्या नऊ दिवसांच्या युटा प्रवासाचे मूळ त्या तीन फेऱ्यांत आहे.

पुढचे समजण्यासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण आमच्या ओळखीतल्या बहुतेकांचा इथेच घोळ होतो. या पंथाचे अधिकृत नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. १८३० साली न्यू यॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी त्याची स्थापना केली. त्यांची रविवारची सामूहिक प्रार्थना गावोगावच्या साध्या सभागृहांत होते आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकतो. मंदिर ही निराळी वास्तू आहे. मृत पूर्वजांच्या नावाने घ्यायचा बाप्तिस्मा, दीक्षाविधी आणि मृत्यूनंतरही टिकणारे मानले जाणारे विवाहबंधन, ज्याला ते 'सीलिंग' म्हणतात, असे विधी तिथे होतात. त्यासाठी सदस्याजवळही स्थानिक धर्माधिकाऱ्यांनी दिलेला परवाना असावा लागतो. रविवारी मंदिर बंद असते. आवार, बागा आणि कारंजी मात्र सर्वांसाठी असतात, आणि आमच्या वाट्याला तेवढेच होते.

विमानाने लास व्हेगासला उतरून आम्ही भाड्याची गाडी घेतली आणि आय-१५ महामार्गाने व्हर्जिन नदीच्या घळईतून सेंट जॉर्जला पोहोचलो. हे अंतर सुमारे १२० मैल आहे. इथले मंदिर एप्रिल १८७७ मध्ये समर्पित झाले आणि आज वापरात असलेल्या मंदिरांत ते सर्वांत जुने आहे. भोवतीचे सगळे डोंगर तांबडे आणि मधोमध चुन्यासारखी शुभ्र इमारत, असे ते दृश्य आहे. तो शुभ्रपणा वरच्या गिलाव्याचा आहे. आतला दगड त्याच डोंगरांतला तांबडा वालुकाश्म आहे. मी स्थापत्य अभियंता म्हणून चाकरी केलेला माणूस असल्यामुळे माझे मन पायाकडे गेले. निवडलेली जागा दलदलीची निघाली. पाणी काढून टाकण्यासाठी चर खणले गेले, जवळच्या लाव्हाच्या पठारावरून काळा दगड आणला गेला आणि तो जमिनीत ठोकून बसवण्यासाठी एका जुन्या तोफेच्या नळीत शिसे ओतून तिचाच घण करण्यात आला. दोरांनी वर ओढायची आणि सोडून द्यायची. तोफेचा याहून चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

मूळचा मनोरा बराच बुटका होता आणि पंथाचे तेव्हाचे प्रमुख ब्रिगम यंग यांना तो आवडला नव्हता, अशी आख्यायिका आहे. ते ऑगस्ट १८७७ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी मनोऱ्यावर वीज पडली आणि काही वर्षांनी तो उंच करून बांधण्यात आला. श्रद्धाळूंनी त्यातून काय अर्थ काढला असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सेंट जॉर्जच्या आवारातच या प्रवासातली मला सर्वांत जास्त आठवणारी भेट झाली. शनिवार असल्यामुळे दारातून थोड्या थोड्या वेळाने नवी जोडपी बाहेर येत होती आणि छायाचित्रकारांची लगबग चालली होती. एका बाकावर निळ्या पोशाखातल्या, साठीच्या आसपासच्या एक बाई फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पत्नीने त्यांना उन्हातून सरकण्याची विनंती केली आणि तेवढ्यावरून बोलणे सुरू झाले. त्यांच्या मुलीचा विवाहविधी आत चालला होता आणि त्या स्वतः पंथाच्या सदस्य नसल्यामुळे बाहेर थांबल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बागेत सर्वांसमक्ष लग्न झाले होते, ते त्यांनी डोळे भरून पाहिले होते. पूर्वी अमेरिकेत असे आधी नागरी लग्न केले, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावे लागे. तो नियम मे २०१९ मध्ये बदलला. "दहा वर्षांपूर्वी हेच लग्न असते तर मी एवढेच पाहिले असते," असे म्हणून त्यांनी त्या बंद दाराकडे बोट केले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण गुच्छाच्या देठांवरची पकड घट्ट होती. मुलगी बाहेर आली तेव्हा पत्नीने त्या दोघींचे एक प्रकाशचित्र काढून त्यांना पाठवले. ते इथे देणार नाही, कारण ते त्यांचे आहे.

सेंट जॉर्जहून उत्तरेला माउंटन मेडोज हे ठिकाण आहे. सप्टेंबर १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातल्या सुमारे १२० स्त्री-पुरुष-मुलांची मॉर्मन सशस्त्र दलाच्या लोकांनी, काही पायूट या मूलनिवासी जमातीच्या लोकांना हाताशी धरून, तिथे कत्तल केली. आम्ही वाट वाकडी करून तिथे गेलो. गवताळ माळ, वारा आणि स्मारकाचे दगड एवढेच तिथे आहे. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेर आला नाही.

मँटी मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारे निघाले. सँपीट खोऱ्यातून रस्ता क्रमांक ८९ वरून दक्षिणेकडे येताना कित्येक मैल आधीपासून टेकडीवरचे हे मंदिर दिसत राहते आणि गाव मागाहून दिसते. १८८८ साली समर्पित झालेली ही इमारत त्याच टेकडीतून काढलेल्या साईच्या रंगाच्या चुनखडकाची आहे. दगड ज्या जागेतून निघाला त्याच जागेवर तो उभा राहिल्यामुळे इमारत टेकडीवर ठेवल्यासारखी न दिसता टेकडीतून वर आल्यासारखी दिसते. आत मधल्या खांबाशिवाय वर चढणारे दोन गोल जिने आहेत असे वाचले होते. एका अभियंत्याला त्या जिन्यांपासून पन्नास पावलांवर थांबावे लागणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी अनुभवले. २०२१ साली इथली जुनी भित्तिचित्रे काढून टाकण्याचे जाहीर झाले तेव्हा पंथातल्याच लोकांनी हळहळ व्यक्त केली, आणि दोनच महिन्यांत तो निर्णय फिरवून चित्रे राखण्याचे आणि वाढत्या गरजेसाठी शेजारच्या एफ्राइम गावी नवे मंदिर बांधण्याचे ठरले. दुरुस्तीनंतर एप्रिल २०२४ मध्ये मँटीचे पुन्हा समर्पण झाले, म्हणजे आम्ही सहा महिन्यांनी उशिरा पोहोचलो. आधीचे काही आठवडे ते सर्वांसाठी खुले होते, हे पत्नीने मला तीन वेळा सांगितले.

आम्ही मँटीत होतो तो रविवार होता. रविवारी लहान गावात खाण्याचे काही उघडे मिळणार नाही हे आम्ही गृहीत धरले नव्हते. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेकडीखाली गाडीत बसून खाल्ली. चहाचे हाल तर सगळ्या प्रवासभर झाले, कारण पंथाच्या आचारनियमांत चहा आणि कॉफी दोन्ही वर्ज्य आहेत आणि लहान गावांत त्याची सावली सगळ्या दुकानांवर पडलेली असते.

प्रोव्होबद्दल थोडक्यात लिहितो. शहराच्या मध्यभागी १९व्या शतकातले विटांचे सभागृह होते. डिसेंबर २०१० मध्ये ते आगीत जळाले आणि बाहेरच्या भिंतीच उरल्या. त्या भिंती पाडून टाकण्याऐवजी लोखंडी खांबांवर उचलून धरल्या गेल्या, त्यांच्याखाली सुमारे ४० फूट खोल खणून दोन तळमजले बांधले गेले, आणि मार्च २०१६ मध्ये तिथे मंदिर समर्पित झाले. भिंती हवेत तरंगत असल्याचे त्या काळातले छायाचित्र पाहिल्याशिवाय यावर विश्वास बसत नाही.

सॉल्ट लेक सिटीतले मंदिर आम्ही परांचीत आणि क्रेनच्या गराड्यात पाहिले. १८५३ साली कोनशिला बसली आणि १८९३ साली समर्पण झाले, म्हणजे बांधकाम ४० वर्षे चालले. १८५७-५८ च्या सुमारास अमेरिकेचे सैन्य येत असल्याच्या वार्तेने लोकांनी पाया मातीने बुजवून वर शेतासारखी नांगरलेली जमीन दिसेल असे केले. पुढे माती काढल्यावर पायाचे दगड तडकलेले आढळले आणि ते बदलावे लागले. ग्रॅनाइटचे चिरे सुमारे २० मैलांवरच्या लिटल कॉटनवुड दरीतून आधी बैलगाड्यांनी आणि १८७० च्या दशकात रेल्वे आल्यावर रेल्वेने आणले गेले. पायथ्याशी नऊ फूट जाड असलेल्या या भिंती भूकंपात टिकाव्यात म्हणून डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मंदिर बंद करून संपूर्ण इमारतीखाली ९८ भूकंपरोधक आधार बसवण्याचे काम सुरू झाले. काम नुकते हाती घेतले होते, तोच १८ मार्च २०२० रोजी ५.७ तीव्रतेचा धक्का बसला आणि सर्वांत उंच मनोऱ्यावरच्या मोरोनाय देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. उतरवून दुरुस्त केलेला तो सोन्याच्या वर्खाचा पुतळा एप्रिल २०२४ मध्ये परत वर चढला. रस्त्यापलीकडच्या कॉन्फरन्स सेंटरच्या गच्चीवरच्या बागेतून आम्हांला तो जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत पाहता आला.

शेवटचा मुक्काम लोगनला होता. १८८४ सालचे, गडद चुनखडकाचे हे मंदिर एखाद्या गढीसारखे दिसते. दोन दिवस पाऊस लागला, त्यामुळे लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रकाशचित्रे (प्रचि) पत्नी सवडीने टाकेल. शंका असतील तर अवश्य विचाराव्यात.

पायरीवरचा

लेख माहितीपूर्ण आहे आणि तोफेचा घण माझ्या कायम लक्षात राहील. तरीही एक गोष्ट खटकली, ती स्पष्ट लिहितो. ज्या समाजाने १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे दार उघडावे म्हणून सत्याग्रह केला आणि ज्या राज्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या दारासाठी उपोषण मांडले, त्या समाजातल्या माणसाने बंद दाराच्या इमारतीकडे केवळ दगडाचा रंग आणि उजेडाची दिशा म्हणून पाहावे, हे मला जमले नसते. त्या निळ्या पोशाखातल्या बाईंचा प्रसंग आपण लिहिलात, पण त्यावर आपले मत लिहिण्याचे टाळलेत.

ओळंबा

आपला आक्षेप योग्य जागी आहे, म्हणून टाळाटाळ न करता उत्तर देतो. काळाराम मंदिराचे दार जन्मावरून बंद होते. ज्याला तो देव आपला वाटत होता त्यालाच ते बंद होते, आणि तो काहीही केले तरी आपला जन्म बदलू शकत नव्हता. युटातल्या दाराची तुलना मी मुंबईतल्या पारशांच्या अग्यारीशी करीन. ज्या विधीवर माझी श्रद्धा नाही तिथे मला प्रवेश नसेल, तर त्यात माझा अपमान झाला असे मी मानत नाही.

पण इथेच थांबलो तर ते अर्धे उत्तर होईल. याच पंथात जून १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय सदस्यांना मंदिरातले दीक्षाविधी आणि विवाहविधी नाकारले जात होते. ते श्रद्धाळू होते आणि तरीही दार बंद होते, म्हणजे त्या बाबतीत आपली काळारामाची उपमा तंतोतंत लागू पडते. त्या बाईंबद्दल माझे मत विचारलेत. नियम कितीही सुसंगत असला, तरी आईला लेकीच्या लग्नात बाकावर बसवणारा नियम मला पटत नाही. त्यांनी स्वतः तक्रार केली नाही, म्हणून त्यांच्या वतीने ती करणे मला लेखात प्रशस्त वाटले नाही.

कातळ

एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. सॉल्ट लेकच्या मंदिराचा दगड सर्रास ग्रॅनाइट म्हणून ओळखला जातो, पण भूशास्त्रीय वर्गीकरणात तो क्वार्ट्झ मॉन्झोनाइट आहे. लिटल कॉटनवुडमधला तो अग्निजन्य खडक सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टपेक्षा निम्म्याहूनही कमी वयाचा. सेंट जॉर्जच्या पायात घातलेला काळा दगड मात्र आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद म्हणता येईल, कारण तोही बेसाल्टच आहे आणि वयाने फारच कोवळा आहे. ओलाव्याच्या जागी वालुकाश्म किंवा चुनखडक न घालता बेसाल्ट घालण्याचा त्या कारागिरांचा निर्णय अचूक होता.

कवडसा

मी धागाकर्त्यांची पत्नी. प्रचिंबद्दल विचारणा झाल्यामुळे लिहिते आहे, आणि जाता जाता हेही नोंदवते की मँटीच्या मुक्त दर्शनाबद्दल मी तीन वेळा नव्हे, दोनच वेळा बोलले.

ही मंदिरे टिपताना पहिली अडचण पांढऱ्या रंगाची येते. कॅमेऱ्याचे मापन समोरचे सगळे करड्या रंगाचे आहे असे धरून चालते, त्यामुळे सेंट जॉर्जची शुभ्र भिंत पहिल्या दिवशी मला धुवट राखाडी मिळाली. एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप वाढवल्यावर भिंत पांढरी झाली, पण आकाश उडाले. त्यामुळे दुपारी काम न करता सूर्योदयापूर्वीच्या आणि सूर्यास्तानंतरच्या वीस मिनिटांत करायचे ठरवले. त्या वेळी आकाश गडद निळे असते, इमारतीवरचे दिवे लागलेले असतात आणि दोहोंचा उजेड जवळजवळ सारखा असतो.

दुसरी गोष्ट दिशेची. सॉल्ट लेक, मँटी आणि लोगन या तिन्ही मंदिरांचे पूर्वेकडचे मनोरे पश्चिमेकडच्या मनोऱ्यांपेक्षा उंच आहेत, म्हणजे इमारतीचे तोंड उगवतीकडे आहे. संध्याकाळी पोहोचणाऱ्याला तिची पाठ उजळलेली मिळते. हे कळायला मला मँटीतली एक अख्खी संध्याकाळ खर्चावी लागली, पण पश्चिमेच्या तिरप्या उन्हात तो चुनखडक लोण्यासारखा पिवळट होतो, म्हणून ती फुकट गेली असे म्हणणार नाही. बाउंटिफुलचे १९९५ सालचे मंदिर वासाच पर्वताच्या उतारावर, खाली पसरलेल्या खोऱ्यावर नजर ठेवल्यासारखे उभे आहे. तिथे मात्र संध्याकाळीच जावे.

रुंद लेन्स घेऊन जवळून उभे मनोरे टिपले तर ते मागे कलंडल्यासारखे दिसतात आणि 'ओळंबा' नाव धारण करणाऱ्या माणसाला ते मुळीच सहन होत नाही. मी दूर जाऊन लांबच्या लेन्सने कॅमेरा पातळीत ठेवून काम केले. ट्रायपॉड उघडण्यापूर्वी आवारातल्या स्वयंसेवकांना विचारावे. मला एकदाही नकार मिळाला नाही, पण लग्नाच्या मंडळींच्या वाटेत तो ठेवू नये असे एका आजोबांनी हळूच सांगितले, आणि ते बरोबर होते.

खारे तळे

मी सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला नोकरीनिमित्त नऊ वर्षे राहतो आहे. आपल्याला परांचीमुळे जे पाहता आले नाही त्यातली एक गोष्ट सांगतो. मंदिराच्या पश्चिमेकडच्या मधल्या मनोऱ्यावर सप्तर्षी कोरलेले आहेत आणि त्यांतले शेवटचे दोन तारे ध्रुवाकडे रोख धरतात. भिंतींवर खालून वर जाताना पृथ्वी, चंद्र, सूर्य आणि तारे यांचे दगड येतात, आणि चंद्राच्या दगडांवर निरनिराळ्या कला कोरलेल्या आहेत. क्रूस मात्र शोधूनही सापडणार नाही. मोरोनायचा पुतळा घडवणारे सायरस डॅलिन हे युटातच जन्मलेले शिल्पकार स्वतः या पंथाचे सदस्य नव्हते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

या शहराचे पत्ते याच मंदिराच्या चौकापासून मोजले जातात. चौकाच्या आग्नेय कोपऱ्याला शून्य धरून पूर्वेला किती आणि दक्षिणेला किती एवढ्या दोन आकड्यांत घर सापडते. सुरुवातीला गणिताच्या तासाला बसल्यासारखे वाटते, पण नंतर दुसऱ्या कुठल्याही शहरात हरवल्यासारखे होते.

शब्दाबद्दल एक विनंती आहे. २०१८ पासून पंथाच्या नेतृत्वाने 'मॉर्मन' हा शब्द टाळून पूर्ण नाव वापरावे असे आवाहन केले आहे. माझे शेजारी त्यावर चिडत नाहीत, पण पूर्ण नाव घेतले की त्यांना बरे वाटते. आणखी एक, भारतातले पहिले मंदिर बंगळुरू येथे होणार असल्याची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा समर्पणापूर्वी आत जाऊन पाहण्याची संधी आपल्या मंडळींना घराजवळही मिळू शकते. सॉल्ट लेकचे मंदिरही एप्रिल ते ऑक्टोबर २०२७ या काळात सर्वांसाठी खुले राहणार असल्याचे जाहीर झाले आहे. मुक्कामाला आमच्याकडे या. चहा मिळेल.

जुनी वही

कातळ यांनी लिटल कॉटनवुडचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहिण्यासारखे आहे. ज्या दरीतून मंदिराचे चिरे निघाले, त्याच दरीच्या कातळात १९६०च्या दशकात बोगदे खोदून पंथाने अभिलेखांची तिजोरी तयार केली. जगभरातल्या वंशावळींच्या मायक्रोफिल्म तिथे जपून ठेवल्या आहेत. पूर्वजांच्या नावाने मंदिरात विधी करायचे तर पूर्वजांची नावे माहीत हवीत, या एका गरजेतून हा प्रचंड संग्रह उभा राहिला आहे. पंथाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या बाडात पणजोबांची सही पाहून ज्याच्या अंगावर काटा आला आहे, त्याला या कामाचे मोल सांगावे लागणार नाही.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे बाप्तिस्मे झाल्याचे उघड झाले तेव्हा ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, आणि १९९५ साली ते थांबवण्याचा करार झाला. मृत व्यक्तीला तो विधी स्वीकारण्याचे वा नाकारण्याचे स्वातंत्र्य असते अशी पंथाची भूमिका आहे. तरीही, ज्याला जिवंतपणी त्याच्या धर्मासाठी मारले त्याचे नाव मेल्यावर दुसऱ्या धर्माच्या वहीत लिहिणे किती वेदनादायक आहे, हे समजायला धर्मशास्त्र लागत नाही.

पायरीवरचा

जुनी वही, आपल्या प्रतिसादामुळे माझ्या मनातला प्रश्न बदलला. आत कोणाला घेत नाहीत एवढाच मुद्दा मी धरून बसलो होतो, पण कोणाला न विचारता आत घेतात हा मुद्दा त्याहून अवघड दिसतो. ओळंबा, आपल्या उत्तराबद्दलही आभार. अग्यारीची तुलना मला बऱ्याच अंशी पटली. १९७८ चा उल्लेख मूळ लेखात असायला हवा होता, एवढे मात्र अजूनही म्हणेन.

एरीकाठ

आपण मेरीलँडला राहता, म्हणून सुचवतो. ओहायोत क्लीव्हलँडजवळ कर्टलँड येथे या परंपरेचे अगदी पहिले मंदिर आहे. ते १८३६ साली पूर्ण झाले. पुढे ते याच परंपरेतून फुटलेल्या 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' या वेगळ्या शाखेकडे होते. मार्च २०२४ मध्ये ते इलिनॉय राज्यातल्या नोव्हू गावातील काही इमारती आणि हस्तलिखितांसह १९ कोटी २५ लाख डॉलरना लॅटर-डे सेंट्सनी विकत घेतले. ऐतिहासिक वास्तू म्हणून ते सर्वांना आतून पाहता येते. त्यासाठी परवाना लागत नाही आणि मुक्त दर्शनाच्या तारखाही पाहाव्या लागत नाहीत.

ओळंबा

सर्व प्रतिसादांबद्दल आभारी आहे. कातळ यांची दुरुस्ती मान्य आहे. १९७८ ची नोंद मूळ लेखात घालायला हवी होती हेही मान्य आहे.

एरीकाठ यांचा प्रतिसाद वाचल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आम्ही कर्टलँडला जाऊन आलो. घरापासून सहा-सात तासांची वाट आहे. वालुकाश्माच्या भिंती बाहेरून गिलाव्याने झाकलेल्या आहेत. गिलाव्यात चमक यावी म्हणून लोकांनी घरातली चिनी मातीची भांडी फोडून त्यांचा चुरा दिला, अशी कथा तिथे सांगतात. आत एकावर एक अशी दोन मोठी दालने आहेत आणि प्रत्येक दालनाच्या दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली व्यासपीठे आहेत. कार्यक्रम कोणत्या टोकाकडून चालेल त्यानुसार लोकांना तोंड फिरवून बसता यावे म्हणून बंदिस्त कप्प्यांतली बाके सरकवून उलटी करता येतात. वाटाड्याने त्याची रीत समजावून सांगितल्यावर माझे सगळे लक्ष सांध्यांकडे गेले आणि ते कसे केले असतील याविषयी मी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले. पत्नीने कॅमेरा गाडीतच ठेवला होता. का, असे मी परतताना विचारले, तेव्हा ती म्हणाली की वॉशिंग्टनला पाऊण तास हात पाठीमागे बांधून पाहिलेली प्रत्येक खोली तिला अजून आठवते, आणि सेंट जॉर्जचे मात्र फक्त प्रचि आठवतात.

कवडसा

निळा गुच्छही आठवतो.

ओळंबा

पोशाख निळा होता. गुच्छ पांढरा होता.

कवडसा

प्रचि पाहून सांगते.

(पाहिले. पोशाख निळा, गुच्छ पांढरा.)